अपुरी साक्ष

आमच्या मंडळीत साक्ष द्यायला जो उभा राहतो, त्याची गोष्ट नेहमी संपलेली असते. आजार होता, तो बरा झाला. नोकरी नव्हती, ती लागली. मुलगा दारूच्या नादी लागला होता, तो आता दर रविवारी पहिल्या बाकावर बसतो. ऐकताना मंडळी मधूनमधून ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणतात, शेवटी ‘आमेन’ होतं आणि पाळकसाहेब पुढच्या गीताचा क्रमांक सांगतात. यात खोटं काही नसतं. माणसं खरोखर बरी होतात, संकटातून सुटतात आणि त्यांना ते चारचौघांत सांगावंसं वाटतं. पण ज्याचा आजार बरा झालाच नाही, त्याने कुठे उभं राहायचं? ज्याने गुडघे दुखेपर्यंत मागितलं आणि ज्याच्या पदरात काहीच पडलं नाही, पलीकडे कुणी ऐकतंय एवढी जाणीवसुद्धा नाही, त्याला उपासनेच्या क्रमात जागा कुठली?

आमच्या घरात हा प्रश्न शिरला तो धाकट्या भावाच्या आजारपणात. रक्ताचा कर्करोग निघाला तेव्हा तो कॉलेजात होता. मंडळीने साखळी प्रार्थना धरली. दिवसरात्रीचे तास घराघरांत वाटून घ्यायचे आणि आपल्या तासाला आपण प्रार्थनेला बसायचं. एक उठायच्या आधी दुसरा बसलेला असतो. पहाटे तीनचा तास शेजारच्या मावशींनी मागून घेतला. त्या वेळी झोप अनावर होते, तरण्या पोरांना ते जमायचं नाही, म्हणाल्या. उपास झाले. मंडळीतल्या वडिलांनी त्याच्या कपाळाला तेल लावून डोक्यावर हात ठेवले. नगरहून, पुण्याहून माणसं येऊन प्रार्थना करून गेली. धाकटा गेला.

भेटायला येणाऱ्यांनी जे बोलतात ते बोललं. देवाच्या मनात काहीतरी असेल. प्रभूला चांगलीच माणसं लागतात. एका गृहस्थांनी तर चपला घालता घालता, विश्वासात कुठेतरी कमी पडलं असेल, असंही ऐकवलं. आई आत चहा टाकत होती. तिच्या कानावर ते गेलं की नाही, आम्ही कुणी विचारलं नाही.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आणि मंडळीचे खजिनदार. घरातली संध्याकाळची उपासना तेच चालवत. एक गीत, शास्त्रपाठ, प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. धाकटा गेल्यावर त्यांनी शास्त्र वाचणं सोडलं नाही, प्रार्थना करणं मात्र सोडलं. अध्याय संपला की ते चष्मा काढून पुस्तकावर ठेवायचे आणि आत्याकडे बघायचे. आत्या प्रार्थना करायची. बाबा ‘आमेन’ म्हणायचे. पुढे पुढे तेही म्हणेनात.

रविवारी मात्र ते सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये हजर. उपासनेत गात नसत, पण उपासना संपली की मागच्या खोलीत जाऊन दानाच्या थैल्या टेबलावर रिकाम्या करत. दहाची, पाचची, दोनची, एकाची नाणी वेगवेगळ्या चळतींत लावत, फाटक्या नोटांना चिकटपट्टी मारत. उपकारस्तुतीची पाकिटं निराळी असतात. ज्याचं काही चांगलं झालं तो त्यात पैसे घालून वर कारण लिहून देतो. मुलीचं लग्न ठरल्याबद्दल. विहिरीला पाणी लागल्याबद्दल. मुलाचं ऑपरेशन सुखरूप पार पडल्याबद्दल. ही कारणं नोंदवहीत उतरवून ठेवायची, म्हणजे पाळकसाहेबांना ती पुढच्या रविवारी वाचून दाखवता येतात. दुसऱ्यांची मुलं वाचल्याच्या नोंदी बाबा आपल्या शाळामास्तरी सुवाच्य अक्षरात करत राहिले. रकमेपुढे आडवी रेघ मारायचे, सही करायचे आणि पुढचं पाकीट उघडायचे.

एकदा मंडळीतल्या एका तरुणाने धीर करून विचारलंच, “गुरुजी, देवावर राग आहे ना तुमचा? मग येता कशाला?”

बाबा मोजलेली चळत बाजूला सरकवत म्हणाले, “राग आहे म्हणून तर येतो. माझ्या घरी मोठ्यांच्या माघारी बोलायची पद्धत नाही. काय असेल ते समोर बसून.”

हे वाक्य पुढे बरीच वर्षं माझ्या डोक्यात फिरत राहिलं. ते समजून घ्यायला मला आमच्या घराण्याच्या इतिहासात जावं लागलं. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून होतं. पण गावकुसाबाहेरची घरंच्या घरं तिकडे वळू लागली ती १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर. आमचे पणजोबा त्यांतलेच. तेव्हापासून एक टोमणा आमच्या पाठीशी आहे: पोटासाठी बाटले. शाळेत, पाणवठ्यावर, पुढे कचेऱ्यांतही तो कधी उघड तर कधी आडून ऐकू आला. भूक ही काही लाजायची गोष्ट नव्हे, आणि शाळेत बसायला मिळणं, माणूस म्हणून हाक मारली जाणं, हीदेखील भूकच. पण टोमण्याचा रोख वेगळ्या गोष्टीवर आहे. तुमचा देव म्हणजे तुमची सोय. ती बंद झाली की तुम्हीही जाल, असं त्याला म्हणायचं असतं.

ईयोबाच्या पुस्तकात हाच टोमणा सैतान देवाला मारतो. ईयोब देवाचं भय धरतो ते काय फुकट? त्याची गुरंढोरं, मुलंबाळं, घरदार सगळं तू सांभाळतोस. ते काढून घे आणि मग बघ, असं त्याचं म्हणणं. पुढची चाळीस प्रकरणं या एका प्रश्नावर उभी आहेत. ईयोबाचं सगळं जातं. त्याचे मित्र येतात, सात दिवस त्याच्याबरोबर जमिनीवर मुकाट बसतात. तेवढं एक त्यांनी चांगलं केलं. मग त्यांची तोंडं उघडतात आणि आमच्या घरी भेटायला आलेल्यांचं सगळं बोलणं तिथे आधीच सापडतं: तुझंच काही चुकलं असेल, देव न्यायी आहे, कबूल कर. ईयोब कबूल करत नाही. तो देवाला कोर्टात ओढायची भाषा करतो, आपल्या जन्माचा दिवस शापतो. शेवटी देव वादळातून बोलतो तेव्हा ईयोबाच्या एकाही प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. मात्र निकाल देताना देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांवर त्याचा राग पेटतो, आणि भांडणाऱ्या ईयोबाचं बोलणं तो योग्य ठरवतो.

गावाने तीन-चार पिढ्या विचारलेल्या प्रश्नाला बाबांनी वाद घालून उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. पण ज्याच्याकडून काही मिळालं नाही आणि आता मिळण्याची आशाही नाही, त्याच्या दारात दर रविवारी जाऊन नाणी मोजणारा माणूस पोटासाठी आलेला नसतो.

यावरून कुणी म्हणेल, गुरुजींचा विश्वास मोठा भक्कम. मला तसं वाटत नाही. प्रवचनांतून ज्याला विश्वास म्हणतात, ती मनाची खात्री, तो आतला उजेड, यांतलं बाबांजवळ त्या काळात काहीही नव्हतं. त्यांच्याजवळ होती ती फक्त ये-जा. देव जवळ वाटणं हे आपल्या हातात नाही. त्याच्या दाराशी जात राहणं तेवढं हातात असतं, आणि तेसुद्धा रोज नाही.

गंमत अशी, की आमच्या साक्षीच्या वेळेत ज्याला जागा नाही, त्याला पवित्र शास्त्रात भरपूर जागा आहे. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं. त्यांतली जवळजवळ एक-तृतीयांश तक्रारीची, विलापाची. किती काळ वाट बघायची, तोंड का लपवलंस, झोपलास का, असे प्रश्न त्यांत देवाला तोंडावर विचारलेले आहेत. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात आणि स्तुतीवर येऊन थांबतात. अठ्ठ्याऐंशीवं मात्र वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. सुटका नाही, आभार नाहीत. ज्यांनी हा संग्रह जुळवला त्यांना ते गाळता आलं असतं. त्यांनी ते उपासनेच्या पुस्तकात ठेवलं, म्हणजे ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं आहे असंच ठरवलं.

तक्रारीची ही रीत मराठी माणसाला परकी वाटायचं कारण नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले आणि नंतर नगर-राहुरीकडे राहिले. आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते सांगत. दुष्काळात बायको-मूल गमावलेल्या तुकोबांनी विठोबाशी जे भांडण मांडलं, त्यात आपल्यापुरता देव संपला असं म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली. आणि तरी अभंग त्याच्याच नावाने रचत राहिले. त्या पुलावरून आलेल्यांनी फक्त गोड गोड प्रार्थना कराव्यात, हे काही पटत नाही.

उत्तम शुक्रवारी आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. महिना-दीड महिना आधी उद्गार वाटून देतात. क्षमेचा पहिला उद्गार सगळ्यांना हवा असतो, चोराला दिलेल्या आश्वासनाचा दुसराही. चौथा कुणी मागून घेत नाही. बाहेर चैत्राचं ऊन, आत पंखे गरगरताहेत, मुलं पेंगुळलेली, आणि बोलणारा मनुष्य ज्या वाक्यात येशू देवाला, तू मला का टाकलंस, असं विचारतो, त्याची समजूत घालत असतो: हे वाक्य दिसतं तसं नाही, बाविसाव्या स्तोत्राची ही पहिली ओळ आहे आणि ते स्तोत्र पुढे विजयाकडे जातं. यातली माहिती खरी आहे. पण मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत वधस्तंभावरचा शब्दांतला उद्गार हा एवढाच आहे. बाकीचे सहा लूक आणि योहान सांगतात. शिवाय या दोघांनी तो येशूच्या बोलीतला, अरामी, जसाच्या तसा ठेवून दिला. ऐकणाऱ्यांच्या कानात तो आवाज बसलेला असणार. ज्या प्रश्नाची लाज वाटून आपण घाईने त्याला उत्तर जोडतो, त्या प्रश्नाशी शुभवर्तमान थांबतं. देवाने टाकल्यासारखं वाटणं हा अविश्वास असेल, तर तो वधस्तंभावरही होता असं म्हणावं लागेल.

पंडिता रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली. ती वाचताना ही आमच्या रविवारच्या साच्यात बसणारी बाई नव्हे, हे पहिल्या काही पानांतच कळतं. अनंतशास्त्री डोंगरे या विद्वान ब्राह्मणाची ही मुलगी. घरदार सोडून कुटुंब तीर्थांमागून तीर्थं हिंडलं, पुराणं सांगितली, होतं ते दानधर्मात घातलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. उरलेला भाऊ १८८० साली ढाक्यात गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं. दोन वर्षं होत नाहीत तोच कॉलऱ्याने नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. १८८३ साली वैद्यकी शिकायच्या उमेदीने त्या इंग्लंडला गेल्या, तर ऐकू कमी येऊ लागल्याने ते शिक्षण राहिलं. बरोबर गेलेल्या मैत्रिणीने तिथेच जीव दिला. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. कुठल्याही साक्षीत गोष्ट इथे संपली असती. रमाबाई मात्र लिहून ठेवतात, की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता, आणि हे उमगायला पुढे आठेक वर्षं गेली. त्या मधल्या वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला नेलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आतली गोष्ट अपुरी असताना बाहेरचं काम थांबलं नाही.

त्यांचा शेवटही विचार करायला लावणारा आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. साध्या बायकांना कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. छापखाना मुक्तीचाच, कामाला हात मुक्तीतल्याच मुलीबाळींचे. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. आईचं काम पुढे चालवेल अशी एकच मुलगी. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, कान गेलेले, प्रकृती खालावलेली. त्या मुद्रितं तपासत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. तोवर शेवटची मुद्रितं हातावेगळी झाली होती असं सांगतात. ज्याने एकेक करून सगळी माणसं नेली त्याच्याच शब्दांचे खिळे त्या अखेरपर्यंत तपासत होत्या. त्या महिन्यांत त्यांच्या मनात काय चाललं होतं याचा तर्क मी करणार नाही. काम मात्र समोर आहे.

मदर तेरेसांचं मन मात्र कागदावर उतरलेलं आहे, आणि ते त्यांच्या मर्जीविरुद्ध आपल्यापर्यंत आलं. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना आगगाडीत त्यांना गरिबांमध्ये जाऊन राहण्याची हाक ऐकू आली. कॉन्व्हेंट सोडून त्या कलकत्त्याच्या वस्त्यांत उतरल्या, १९५० मध्ये त्यांच्या संघाला मान्यता मिळाली, आणि साधारण तेव्हापासूनच ज्याने हाक मारली होती तो गप्प झाला. १९५८ साली काही आठवडे उजेड परतला आणि पुन्हा गेला. आर्चबिशपांना आणि आपल्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्रांतून त्या हा रितेपणा सांगत आल्या. पत्रं जाळून टाका अशी त्यांची विनवणी होती. ती जाळली गेली नाहीत. १९९७ साली त्या गेल्या आणि दहा वर्षांनी, २००७ मध्ये, पत्रं पुस्तकरूपाने बाहेर आली तेव्हा जगभर गलका झाला. काहींना त्या ढोंगी वाटल्या.

या पत्रांतल्या एका माणसाचा पुण्याशी संबंध आहे. फादर जोसेफ नॉयनर हे ऑस्ट्रियात जन्मलेले जेज्विट ईशज्ञानी. त्यांचं आयुष्य बरंचसं पुण्यात सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यात गेलं आणि २००९ मध्ये शंभरी ओलांडून ते वारले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात मदर त्यांच्याशी मोकळेपणाने बोलल्या. नॉयनरांनी त्यांना उपाय सुचवला नाही. या अंधारावर माणसाच्या हातात इलाज नाही, तेव्हा त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. देवाची एवढी ओढ लागते आहे यातच तो कुठेतरी आहे. आणि ज्या टाकलेल्या माणसांत तुम्ही राहता त्यांचं टाकलेपण तुमच्याही वाट्याला आलं आहे, असं त्यांचं सांगणं होतं. अंधार गेला नाही. पण त्याच्याशी झगडणं बदललं. रस्त्यावर मरायला टाकलेल्या माणसाशेजारी बसणारीला टाकलेपण आतून ठाऊक होतं, हे कळल्यावर तिच्या कामाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. ढोंग म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं, की बक्षीस मिळण्याच्या कितीतरी आधीपासून आणि नंतरही, पहाटे उठून जी रोज मिस्साला बसते आणि जिला तिथे काही मिळत नाही, ती फसवते आहे तरी कुणाला?

तरीही मला या मोठ्या नावांची थोडी भीती वाटते. ती घेतली की टिकून राहणं हा एखाद्या एकट्या वीराचा पराक्रम वाटू लागतो. आमच्या घरात जे झालं ते तसं नव्हतं. बाबा प्रार्थना करत नव्हते तेव्हा आत्या करत होती. आई गात नव्हती तेव्हा शेजारच्या मावशी गीतपुस्तक उघडून तिच्या मांडीवर ठेवत, ओळीवर बोट फिरवत आणि दोघींच्या वाटचं गात. आमच्याकडे पाटपाण्याच्या पाळ्या असतात. आज पाणी तुमच्या बांधाला, परवा आमच्या, आणि ज्याची पाळी नाही त्याचं शेत म्हणून कुणी ओसाड धरत नाही. मंडळीचा विश्वास मला तसाच दिसला. प्रत्येकाजवळ तो रोज असत नाही. सगळ्यांत मिळून तो कुणाजवळ तरी असतो, आणि ज्याच्याजवळ असतो त्याने तो शेजाऱ्याच्या नावाने धरून ठेवायचा.

म्हणूनच जे निघून गेले त्यांना बोल लावायला माझी जीभ उचलत नाही. धाकट्याचा जिवलग मित्र त्या वर्षी चर्चमध्ये यायचा बंद झाला तो पुन्हा आला नाही. त्याच्या वाटचं गायला कुणी शेजारी बसलं होतं का, हा प्रश्न त्याला विचारायचा नसून आम्हांला आहे. ज्याचं ऐकलं गेलं नाही त्याला आपण वर विश्वास कमी पडल्याचा हिशेब देतो. मग तो उठून गेला तर नवल कसलं?

पुढे बाबा प्रार्थना करू लागले का, असं लोक विचारतात. हाही संपलेल्या साक्षीच्याच अपेक्षेतून आलेला प्रश्न. मला माहीत आहे ते एवढंच: काही वर्षांनी मंडळीतल्या एका घरी मूल आजारी पडलं, साखळी प्रार्थना ठरली, आणि तास वाटताना बाबांनी पहाटे तीनचा मागून घेतला. मावशी तोवर वारल्या होत्या. त्या तासाला ते काय बोलत, की नुसतेच बसत, हे त्यांनी सांगितलं नाही. घरच्या उपासनेत प्रार्थना आत्याच करत राहिली.

बाबांना साक्ष द्यायला कुणी कधी उभं केलं नाही, आणि ते स्वतःहून उभे राहिलेही नसते. मला वाटतं, साक्षीच्या वेळी पाळकसाहेबांनी अधूनमधून एवढं विचारावं: अजून ज्याला उत्तर आलेलं नाही आणि तरी जो आलेला आहे, असं इथे कुणी आहे का? उभं राहणाऱ्याने थोडक्यात बोलावं, गोष्ट जिथे थांबली आहे तिथेच सोडावी. आणि मंडळीने लगेच ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणण्याची घाई करू नये. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सगळ्यांनी मिळून वाचावं, मग दानाच्या थैल्या फिरवाव्यात.